संथ ब्लूज वाजवताना लय पळते, सूर उतरतो: नेमकं बिघडतंय कुठे?

"सर, पहिल्या फेरीला बरोबर असतंय, पण चौथ्या फेरीपर्यंत गाणं पळायलंय." लातूर, उदगीर, अंबाजोगाई, परभणी भागातली गिटार शिकणारी मुलं-मुली व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग पाठवतात, आणि संथ ब्लूज रॉकवर (ब्लूज या अमेरिकी संगीतातून आलेल्या रॉकवर) आली की तक्रार जवळपास याच शब्दांत येते. जलद गाणी त्यांना छान येतात. कॉर्ड वेळेवर बदलतात, स्ट्रमिंग स्वच्छ असतं. मिनिटाला साठ ठोक्यांचं ॲकूस्टिक गाणं हातात घेतलं की मात्र तीन तक्रारी एकदम उभ्या राहतात: लय पुढे सरकते, बेंड (तार बोटानं बाजूला ओढून चढवलेला सूर) बेसूर लागतो, आणि गाणं अर्ध्यावर आलेलं असताना गिटारच उतरलेली असते.

यावर बहुतेक वेळा "अजून सराव कर" एवढंच उत्तर मिळतं. त्यानं हे दुखणं जात नाही, मुरतं. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि ती एका क्रमानं तपासावी लागतात: आधी वाद्य, मग लय, मग सूर. उतरलेल्या गिटारवर बेंड घोटला तर चुकीचा सूर कानात बसतो. लय हलत असताना बेंड घोटला तर तो कधीच वेळेवर पोचत नाही.

आधी गिटार

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा अगदी कोरडी होते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. कोरड्या हवेत ते आक्रसतं. गिटारची वरची फळी किंचित खाली बसते, तारा फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) जवळ येतात आणि झणझणायला लागतात. मानेच्या कडेवरून हात फिरवला तर फ्रेटची टोकं टोचतात, कारण लाकूड आत गेलेलं असतं आणि धातू होता तिथंच असतो. पावसाळ्यात याच्या उलट. फळी फुगते, तारा उंच होतात, दाबायला जोर लागतो. बहुतेक गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानतात. मे महिन्यात दुपारी आपल्या घरात तेवढी नसते, आणि कूलर लावला की त्याच खोलीत ती एकदम वाढते.

कूलर हा आपल्याकडचा खास मुद्दा आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तार तापली की सैल पडते, सूर उतरतो. गार वारा लागला की ती ताणली जाते, सूर चढतो. पत्र्याच्या खोलीत गिटार जुळवायची आणि मग कूलरसमोर बसून वाजवायची, म्हणजे दहा मिनिटांत ती पुन्हा बिघडणारच. जिथं वाजवणार त्याच हवेत गिटार थोडा वेळ राहू द्या आणि मग जुळवा. कूलरचा झोत थेट गिटारवर येऊ देऊ नका. गाण्याचा सराव संपला की ती केसमध्ये ठेवा, भिंतीला टांगून नाही. उन्हाळ्यात केसमध्ये साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात पिळून काढलेला ओला स्पंज ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. स्पंजातून पाणी ठिबकता कामा नये, एवढं बघा. पावसाळ्यात स्पंज काढा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हात लावलेल्या बंद गाडीत गिटार अजिबात सोडू नका. तिथल्या उष्णतेनं डिंक सैल पडतो आणि ब्रिज (तारांची खालची टोकं धरणारी लाकडी पट्टी) फळीपासून सुटायला लागतो.

फोनवरचं ट्यूनर ॲप माइकमधून ऐकतं, त्यामुळे कूलर-पंख्याच्या घरघरीत ते गडबडतं. खालच्या ई तारेवर तर हमखास. गिटारच्या डोक्याला लावायचा क्लिपचा ट्यूनर लाकडाची थरथर पकडतो, त्याला बाहेरच्या आवाजाचा त्रास होत नाही. एवढी खरेदी नक्की करा.

जुळवल्यानंतरही तार उतरत असेल तर तीन जागा पाहा. खुंटीवर तारेचे वेढे एकमेकांवर चढलेत का? जाड तारांना दोन-तीन, बारीक तारांना थोडे जास्त, आणि सगळे वरून खाली नीट बसलेले असावेत. नवी तार असेल तर ती बोटानं हळूच वर ओढून, पुन्हा जुळवून, पुन्हा ओढून तिचा ताण बसवून घ्या. आणि खुंटी फिरवताना नटजवळ (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीजवळ) "टिक्" असा आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे, म्हणजे बेंड सोडल्यावर ती मूळ जागी परतत नाही. खाचेत साध्या पेन्सिलीचं शिसं घासलं की तार सरकायला लागते. सूर नेहमी खालून वर चढवत जुळवा. वर गेला तर आधी पुरता उतरवा आणि मग खालून या, नाहीतर गिअरमधली ढील तशीच राहते आणि पहिल्याच बेंडला तार खाली घसरते.

झणझण येत असेल तर सहावी तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं आणि मान जिथं खोक्याला मिळते त्या चौदाव्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाबा. सातव्या फ्रेटच्या आसपास तार आणि फ्रेटमध्ये साधारण जाड कागदाएवढी, ०.२ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट अजिबात नसेल तर मान सरळ किंवा मागे वाकलेली आहे. ट्रस रॉड (मानेच्या आतली तिचा बाक ठरवणारी धातूची सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग एक दिवस थांबायचं. हात थरथरत असेल तर जाणकाराकडे द्या, पण तार उंच आहे की मान वाकली आहे हे सांगता येण्याइतकं स्वतः मोजून जा. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आत असेल तर संथ ब्लूजसाठी गिटार ठीक आहे.

लय कुठे पळते ते घड्याळावर मोजा

"पळते" हे कानावर सोडू नका, मोजा. बारा बारची एक फेरी असते. दर बारमध्ये चार ठोके. मिनिटाला साठ ठोक्यांनी एक बार चार सेकंदांचा, एक फेरी ४८ सेकंदांची. चार फेऱ्या मेट्रोनोमशिवाय (ठराविक वेगानं टिक् टिक् करणाऱ्या यंत्राशिवाय किंवा ॲपशिवाय) वाजवा, फोनवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक फेरीला किती वेळ लागला ते बघा. पहिली ४८ आणि चौथी ४४ भरली तर तुम्ही साठवरून पासष्टच्या पुढे गेला आहात. आकडा कमी वाटतो, पण संथ गाण्यात एवढ्यानं गाण्याचा स्वभावच बदलतो.

आता त्याच रेकॉर्डिंगमध्ये नेमक्या कुठल्या बारला वेळ कमी होतो ते शोधा. जवळपास नेहमी तीनच जागा सापडतात. ब्लूजच्या ओळींची रचना अशी असते की एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसरी उत्तरादाखल. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात. त्यातले पहिले दोन-अडीच गळ्याचे, उरलेले गिटारच्या उत्तराचे. म्हणजे तिसरा-चौथा, सातवा-आठवा आणि अकरावा-बारावा बार. गळा थांबला की वाजवणाऱ्याला ती जागा रिकामी वाटते. तो ती घाईघाईनं सुरांनी भरतो आणि पुढची ओळ अर्ध्या ठोक्यानं आधी सुरू होते. जागा कळली की निम्मं काम झालं: त्या दोन बारांत आठवडाभर काहीच वाजवू नका, फक्त अंगठ्यानं खर्जाची तार चालू ठेवा. मग एकच सूर. मग दोन. उत्तर छोटं असलं तरी ते उत्तरच असतं.

सम आणि खाली

या सगळ्या समस्येचं मूळ इथं आहे, असं माझं ठाम मत आहे.

संथ ब्लूजच्या चार ठोक्यांत प्रत्येकी तीन अंश असतात. तीन चोक बारा. हे आपल्याला परकं नाही. दादरा दोनदा वाजला की एक बार पुरा होतो: धा धी ना, धा ती ना, धा धी ना, धा ती ना. घरात भजन, गवळण, भावगीत ऐकत वाढलेल्या कुणालाही हे बारा अंश आतून येतात. तरीही लय पळते, कारण जोर भलत्याच जागी पडतो.

आपला कान समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे धावतो. पहिल्या धाला सगळं येऊन मिळतं, तिथं डोलायचं, तिथंच टाळी. ब्लूज आणि रॉकमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतं. बारा अंशांत मोजलं तर चौथ्या आणि दहाव्या अंशावर. आता दादऱ्यात बघा: चौथा अंश म्हणजे खाली, टाळी न देता हात उघडायची मात्रा. दोन दादरे जोडले तर चौथा आणि दहावा, दोन्ही नेमक्या खालीच्या जागा. म्हणजे आपण जिथं हात उघडा ठेवतो, तिथं ब्लूज थाप मारतो. समेवर जोर देणारा हात समेची वाट पाहत असतो, आणि वाट पाहणारा हात लवकर येतो. ठोका थोडा थोडा आधी पडत जातो आणि चौथ्या फेरीपर्यंत गाणं पळालेलं असतं.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. सप्ताहातलं भजन असो की हरिपाठ, टाळ-मृदंगाची लय हळूहळू चढवत नेणं ही तिथली रीत आहे आणि ती फार सुंदर आहे. भाव दाटला की लय वाढते. त्या संगीतात वाढलेल्या मुलाचा हात भाव दाटल्यावर आपोआप वेग घेतो. संथ ब्लूज रॉकमध्ये भाव दाटतो तेव्हा आवाज वाढतो, सुरांची घनता वाढते, वेग मात्र जागेवर राहतो. हात चुकतो म्हणण्यापेक्षा तो एका परंपरेची सवय दुसरीत घेऊन येतो. हे समजलं की मुलं स्वतःवर चिडायचं सोडतात.

उपाय गिटार बाजूला ठेवून सुरू करा. तोंडानं दादऱ्याचे बोल म्हणा, मिनिटाला साठ ठोक्यांच्या वेगानं, एका ठोक्याला तीन बोल, आणि टाळी फक्त खालीवर द्या. प्रत्येक दुसऱ्या धावर. पहिले काही मिनिट हात आपोआप समेवर जाईल. जाऊ द्या, पुन्हा खालीवर आणा. हे जमेपर्यंत गिटार उचलू नका.

मग मेट्रोनोम. आधी तो १८० वर लावा म्हणजे बाराही अंश ऐकू येतात. ते हाताशी आले की ६० वर, फक्त चार ठोके. त्यानंतरची पायरी खरी कस लावते: ॲपमध्ये ३० चा वेग मिळत असेल तर तो लावा आणि प्रत्येक टिक् खालीवर, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर आहे असं मानून वाजवा. सम तुमची तुम्ही धरायची. इथं दोन टिकांच्या मध्ये दोन सेकंदांचं अंतर असतं आणि ते भरायला मनात धा धी ना चालूच ठेवावं लागतं. जो मनात म्हणत नाही त्याची टिक् तीन-चार बारांतच चुकते, लगेच कळतं. दहा मिनिटं रोज, याहून जास्त नको. कान थकला की तो पुन्हा समेकडे पळतो.

तिसऱ्या अंशाकडेही लक्ष द्या. ब्लूजचा शफल (झोके घेत चालणारा ठेका) वाजवताना पहिला आणि तिसरा अंश वाजतो, मधला गाळला जातो: धा, मग मोकळी जागा, मग ना. घाई होते ती ना आणि पुढच्या धाच्या मध्ये. ना वाजला की लोक लगेच धावर उडी मारतात. मधला धी वाजवायचा नसला तरी तो मनात पूर्ण लांबीचा ऐकू आला पाहिजे. रेकॉर्डिंगमध्ये शफल "टक्-टडक्" असा तुटक, लष्करी ऐकू आला तर तिसरा अंश फार उशिरा पडतोय. अगदी सरळ ऐकू आला तर फार लवकर.

अंगठा आणि तीन कॉर्ड

ॲकूस्टिक गिटारवर ई मध्ये वाजवणं सगळ्यात सोयीचं, कारण खर्ज मोकळ्या तारेवर मिळतो. चार बार ई, दोन बार ए, दोन बार ई, एक बार बी सेव्हन, एक बार ए, एक बार ई आणि शेवटचा बी सेव्हन. काही गाण्यांत दुसऱ्याच बारला ए येतो. ते आधी ऐकून ठरवा.

अंगठ्यानं प्रत्येक ठोक्याला एकच खर्जाची तार वाजवायची: ई वर सहावी मोकळी, ए वर पाचवी मोकळी, बी सेव्हनवर पाचवी तार दुसऱ्या फ्रेटवर. टेक्सासचे ब्लूज गायक-गिटारवादक लाइटनिंग हॉपकिन्स (१९१२–१९८२) यांचं ई मधलं वादन ऐकलं तर हा एकसुरी अंगठा काय करू शकतो ते कळतं. एकटे वाजवताना ते कधी बार कमी करत, कधी वाढवत, पण अंगठ्याच्या चालीमुळे ऐकणारा हरवत नाही. आपण शिकताना बार पूर्ण ठेवूया; अंगठा मात्र त्यांचा घ्यावा.

तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर हलकेच टेकवा, म्हणजे खर्जाचा आवाज ठोक्यापुरताच राहतो. हे केलं नाही तर ए वर गेल्यावरही सहावी तार घुमत राहते आणि दोन खर्ज एकमेकांत मिसळतात. "कॉर्ड बरोबर आहे तरी गढूळ वाटतंय" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.

कॉर्ड बदलताना उशीर होतो आणि तो भरून काढायला पुढचा ठोका लवकर येतो, हाही लय पळण्याचा एक मार्ग. त्यावर एक सोपी तोड आहे. ई आणि ए चा खर्ज मोकळा आहे, म्हणजे डावा हात पोचला नसला तरी अंगठा ठोक्यावर पडू शकतो. अंगठा समेवर, बोटं पुढच्या अंशावर पोचली तरी चालतं, ऐकणाऱ्याला ते छानच वाटतं. बी सेव्हनला भीती वाटते, पण ई सेव्हनमधून जाताना मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आधीच असतं. ते उचलू नका. तेच बी सेव्हनचं खर्जाचं बोट आहे. तर्जनी पहिल्या फ्रेटवरच तिसऱ्या तारेवरून चौथ्या तारेवर सरकते, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते, करंगळी पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. करंगळीला उशीर होतो, होऊ द्या; खर्ज वेळेवर पडला की लय शाबूत राहते.

ब्लूज रॉकमध्ये शेवटच्या फेऱ्यांना अंगठ्याऐवजी पिकनं जोरदार स्ट्रमिंग येतं आणि तिथं लय नक्की पळते. वेगळा सराव करा: एकच ई कॉर्ड, चार बार अगदी हळू आवाजात, चार बार मध्यम, चार बार पूर्ण जोरात, आणि पुन्हा उतरत खाली. मेट्रोनोम चालू ठेवून. मोठ्या आवाजाला हाताचा घेर वाढतो, घेर वाढला की हात परत यायला वेळ लागतो आणि तो वेळ वाचवायला हात पळतो. घेर मनगटातून वाढवा, कोपरातून नको.

बेंड बेसूर का लागतो

इंटरनेटवरचे बरेच धडे इलेक्ट्रिक गिटारचे असतात. त्यांच्या तारा पातळ, आणि तिसरी तार साधी. ॲकूस्टिकच्या नेहमीच्या संचात तिसऱ्या तारेवर धातूचा वेढा असतो. ए मध्ये वाजवताना सातव्या फ्रेटवर तिसरी तार पूर्ण एक स्वर वर ओढायचा तो प्रसिद्ध बेंड अशा तारेवर जवळजवळ अशक्य असतो. बोटं सोलतात, सूर पोहोचत नाही, आणि मुलं स्वतःला दोष देतात. तिथं बेंड सोडा. सातव्यावरून नवव्या फ्रेटवर सरकत जा, तोच म पासून प, मींड घेतल्यासारखा. काही ॲकूस्टिक ब्लूज वाजवणारे तिसरी तार साधी लावतात. बेंड सोपा होतो, पण सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) वेढ्याच्या तारेसाठी बनवलेलं असल्यामुळे वरच्या फ्रेटवर ती थोडी चढी बोलते.

तारांची जाडी बघा. पहिली तार ०.०१२ इंचाची असेल तर शिकताना ०.०११ किंवा ०.०१० चा संच लावा. अजून सैल हवं असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून जुळवा. मग तुमचा ई हा हार्मोनियमचा काळी दोन होईल, गाणाऱ्यालाही बऱ्याचदा ते बरं पडतं.

बेंड बोटाच्या ताकदीनं होत नाही. अनामिका तारेवर, तिच्यामागे मधलं बोट आणि तर्जनी त्याच तारेवर आधाराला, आणि किल्ली फिरवल्यासारखं मनगट फिरवायचं. नटजवळ तार सगळ्यात ताठ असते, म्हणून पहिल्या तीन फ्रेटवर पूर्ण बेंडचा हट्ट नको.

आता सूर. आपल्याकडे यासाठी उत्तम साधन आहे: तानपुऱ्याचं ॲप. षड्ज ई वर, म्हणजे पांढरी तीनवर लावा. ब्लूजचे पाच मुख्य सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाचेच सूर. त्यात म आणि प च्या मध्ये अधूनमधून तीव्र म चा स्पर्श येतो. धानीचं चलन इथं आणायचं नाही, पण सूर ओळखायला ही ओळख फार कामाची आहे. बेंड करण्याआधी जिथं पोचायचं तो सूर गळ्यानं लावा. मग तोच सूर फ्रेटवर वाजवून ऐका. मग बेंड करून तिथं पोचा. गळ्याला न येणारा सूर बोटाला येत नाही. गाता येत नाही म्हणणाऱ्यांनीही गुणगुणून बघा.

सगळ्यात जास्त गोंधळ कोमल ग वर होतो. पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर तो असतो. ई सेव्हन कॉर्डमध्ये मात्र शुद्ध ग आहे. कोमल ग सपाट धरून ठेवला की कॉर्डशी टक्कर होते आणि "काहीतरी चुकलं" असं वाटतं. तो सूर हलकेच, पाव स्वर वर ढकलायचा असतो. कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध, पूर्ण शुद्धापर्यंत न जाता. आंदोलित गंधार ऐकलेल्या कानाला ही जागा लवकर सापडते. किंवा तिसरी तार मोकळी वाजवून लगेच पहिल्या फ्रेटवर बोट आपटा. कोमल ग वरून शुद्ध ग, हॅमर-ऑननं.

ए सेव्हन आली की नियम उलटतो. तोच कोमल ग या कॉर्डचा स्वतःचा सूर आहे, त्यामुळे तिथं तो सपाट आणि स्थिर ठेवायचा. ढकलला तर बेसूर लागतो, आणि शुद्ध ग तर अगदी खटकतो. "पहिल्या चार बारांत बेंड छान वाटतो, पाचव्या बारला तोच बेंड वाईट वाटतो" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा हात चुकत नाही, कॉर्ड बदललेली त्यांच्या लक्षात आलेली नसते. बी सेव्हनवर कोमल नि टाळा, मोकळी दुसरी तार म्हणजे प धरा. तिथं तोच सूर कॉर्डचा मूळ सूर आहे.

कंपन द्यायचं असेल तर तेही दादऱ्याच्या अंशांत द्या. प्रत्येक अंशाला एक झोका. अतिजलद थरथर संथ गाण्याला उतावीळ करते, आणि ऐकणाऱ्याला लय पळाल्यासारखी वाटते जरी ती पळालेली नसली तरी.

कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) लावत असाल तर फ्रेटच्या अगदी मागे, बरोबर समांतर लावा आणि लावल्यावर पुन्हा जुळवा. घट्ट कॅपो सगळ्या तारा थोड्या चढवतो, जलद गाण्यात ते खपून जातं, संथ गाण्यात प्रत्येक सूर दोन-तीन सेकंद उघडा राहतो.

ढोलक किंवा कहोनसोबत

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात किंवा गच्चीवरच्या मैफलीत सोबतीला बहुतेक वेळा ढोलकवाला दोस्त असतो. त्याला "ब्लूज वाजव" असं सांगून उपयोग नाही. "संथ दादरा दे, समेला हात हलका ठेव, खालीला थाप जोरात, आणि मध्ये भरू नकोस," असं सांगा. चांगला ढोलकवाला पाच मिनिटांत ते पकडतो, कारण ठेका त्याच्या हातातलाच आहे, फक्त वजन हलवायचं आहे. कहोनवर (वर बसून हातानं वाजवायच्या लाकडी खोक्यावर) मधोमध घुमणारी थाप पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला, वरच्या काठाची कडक थाप दुसऱ्या आणि चौथ्याला. गिटारवाल्यानं पायानं ठोका धरायचा तो खालीवर. दोघांचा पाय एकाच जागी पडतो का ते आधी दोन फेऱ्या कॉर्डशिवाय, नुसत्या खर्जावर तपासा.

शेवट आधी ठरवा, कारण तिथं ढोलकवाल्याचा हात तिहाईकडे (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर संपवण्याकडे) जातो आणि गाणं दोन वेगळ्या जागी संपतं. रूढ पद्धत अशी: शेवटच्या फेरीत अकराव्या बारच्या समेवर ढोलक थांबतो, गिटार एकटी उतरती चाल वाजवते, बाराव्या बारला एफ सेव्हनचा एक आघात आणि लगेच एक फ्रेट खाली ई सेव्हन. त्या ई सेव्हनवर ढोलकाची एक थाप. अकराव्या बारात ढोलक बंद असतानाही अंगठ्यानं ठोका धरलाच पाहिजे, नाहीतर ती थाप कुठं मारायची हे त्याला कळणार नाही.